जनाक्का आणि वळणावरचा वाटेकरी

समस्त वाचकवर्गास अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, बेळगावहून गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रामनगरच्या अलीकडच्या एका वळणावर जो कुणी राहत होता, त्याने एका तान्ह्या मुलीच्या वाट्याचं म्हशीचं दूध जवळजवळ वर्षभर रोज प्यालं. या प्रकाराची पोलिसांत, पंचायतीत किंवा वनखात्यात कुठेही नोंद नाही. साक्षीदार मात्र आहेत. त्यांतली एक मी. दुसरे आमचे यजमान. ते तिथल्या शाळेत शास्त्र शिकवायचे, आणि आजही ही गोष्ट निघाली की उठून मोरीतला नळ बंद करायला जातात. नळ बंदच असतो.

त्या वळणावरच्या गृहस्थांशी आमची ओळख करून दिली ती जनाक्काने. तेव्हा आधी जनाक्का.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो सुमार. मी लग्न होऊन रामनगरात आले होते. समोर रस्ता, रस्त्यावर रात्रंदिवस ट्रक, आणि मागचं दार उघडलं की थेट जंगल. पुढच्या दाराला बाजार आणि मागच्या दाराला अस्वल, असं आमच्या घराचं वर्णन मी माहेरी पत्रातून करत असे. जनाक्का मागच्या दारानं यायची. गवळ्यांची वस्ती जंगलाच्या कडेला होती, तिथून ती डोक्यावर दुधाची चरवी घेऊन पायवाटेनं चालत यायची. माहेर कुंभारवाडा नावाच्या गावाकडचं, जिथं दोन घरांमध्ये एक डोंगर असतो. त्यामुळे तिचा आवाज कायम पलीकडच्या डोंगरावर ऐकू जाईल एवढा. उंच, काटकुळी, चेहरा वाळल्या सुपारीसारखा आणि डोळे मात्र लहान पोरीचे.

पहिल्या दिवशी तिनं माझ्या पातेल्यात दूध ओतलं, मान वर केली आणि माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाली, "मास्तरीणबाय, त्यास्नी बस तरी म्हण की गं. कवापासनं उभ्या हायत."

मी मागं वळून पाहिलं. कुणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीवर कॅलेंडर.

"कोण गं जनाक्का?"

"आता मला काय ठावं? तुझ्याबरोबर आलेल्या, तुला ठावं." असं म्हणून ती चरवी उचलून चालती झाली.

त्या दिवसापासून बरेच दिवस मी कॅलेंडरखाली एक पाट मांडून ठेवत असे. यजमानांनी विचारलं, तेव्हा त्यांना सांगितलं की भिंतीला ओल येते.

जनाक्काचं हे असं होतं. बोलता बोलता ती मध्येच थांबायची, मान तिरकी करायची, आणि जिथं कुणी नाही तिथं बघून म्हणायची, "व्हय व्हय, सांगते की. दम धर." मग आपलं बोलणं जिथं सोडलं तिथून पुन्हा पुढे सुरू. वाघाला ती 'थोरले' म्हणायची आणि त्यांच्याबद्दल सासरच्या माणसाविषयी बोलावं तसं जपून बोलायची. "थोरले काल ओढ्यावर आलते. अंगात बरं न्हाई त्यांच्या." एवढं सांगून ती माप बुडवायची, आणि ती गेली की मी मागच्या दाराला कडी घालायची.

तिच्या दुधात पाणी नसायचं, पण माप मात्र नेहमी बोटभर कमी. याचं कारण साऱ्या गावाला माहीत होतं. पायवाट जिथं मोठ्या रस्त्याला मिळते त्या वळणावर जांभ्याचा एक दगड होता, कमरेएवढा, शेंदूर नाही, फूल नाही, वर नुसती माडाच्या झावळ्यांची चंद्रमौळी सावली. तो राखणदार. त्या जागेचा मालक. जनाक्का येता-जाता त्याच्यापुढे दुधाची एक धार सोडायची आणि पुन्हा वळून बघायची नाही. माप कमी भरलं अशी कुणी कुरकुर केली तर ती शांतपणे म्हणायची, "त्याच्याकडनं वसूल करून घे जा." आजवर कुणी गेलं नव्हतं.

आमच्या शेजारी सुमन राहायची. तिचा नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. घरात ती, तिची सासू काशीआत्ती आणि पाच महिन्यांची वैशाली. त्या पावसाळ्यात सुमनला विषमज्वर झाला, ती उठली तेव्हा तिचं दूध आटलेलं. तिच्यामागोमाग पोरीला जुलाब लागले. जुलाब थांबले तसं तिला जनाक्काच्या म्हशीचं दूध सुरू केलं, आणि तिथून सगळं बिनसलं. दूध पोटात गेलं की घटकाभरात पोट ढोलकीसारखं ताठ. पाय पोटाशी घेऊन पोरगी अशी किंचाळायची की रस्त्यावरचे ट्रकवाले हॉर्न वाजवायचे थांबत. मग फसफसून पाण्यासारखं बाहेर. ढुंगण सोलून लाल. हे सगळं नेमकं तिन्हीसांजेला, कारण दूध तेव्हाच यायचं.

काशीआत्तीनं पहिला आळ घेतला तो जनाक्कावर. "पाणी घातलंस तू!"

दुसऱ्या दिवशी जनाक्का म्हैसच घेऊन आली. काशीआत्तीच्या परसात तिनं ती बांधली, काशीआत्तीच्या डोळ्यांसमोर तिच्याच भांड्यात पिळली. "बघ, हिच्या आचळात विहीर हाय काय ती." पोरीला ते दूध पाजलं. पोट फुगलंच.

मग आमच्याकडचा रिवाज सुरू झाला. लेकराला दूध बाधलं तर दुसरं दूध द्यायचं, ते बाधलं तर तिसरं. एका म्हशीचं, मग काळ्या गाईचं, मग शेळीचं. दूध नको हे कुणाच्या डोक्यातच येईना. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली. मांड्यांची कातडी म्हातारीसारखी लोंबायला लागली. शेवटी मी आणि सुमन तिला घेऊन बेळगावला डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी तिचं पोट दाबून पाहिलं, काय देता ते विचारलं, आणि अगदी सोपं सांगितलं. मोठ्या जुलाबानंतर काही बाळांची आतडी दुखावतात, मग दुधातली साखर त्यांना पचत नाही. गाय, म्हैस, शेळी, सगळ्या दुधात तीच साखर. सगळं दूध बंद करा. भाताची पेज, मुगाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, कुसकरलेलं केळं. आतडं सावरलं की पुढच्या वर्षी बघू, ताक-दह्यापासून. नाहीतर, ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांनी सुमनकडे बघून पुरं केलं नाही.

घरी येऊन हे सांगितलं तर काशीआत्ती पेटली. "दूध बंद? तान्ह्या लेकराचं? त्या डाक्तराला आई होती काय न्हाई?" सुमन पेज करायची, आणि ती विहिरीवर गेली की काशीआत्ती पोरीच्या तोंडात चमच्यानं दूध घालायची. तिन्हीसांजेला पोरगी किंचाळायची, तेव्हा काशीआत्ती म्हणायची, "बघ, पेज बाधली."

मी जनाक्काला वाटेत गाठून सगळं सांगितलं. डॉक्टरांचं बोलणंही सांगितलं. ती ऐकत होती की त्या दुसऱ्या कुणाचं ऐकत होती, कळलं नाही. म्हणाली, "येते सांजच्याला."

त्या संध्याकाळी ती आली तेव्हा पोरीचं रडणं सुरूच होतं. जनाक्कानं चरवी बाहेर ठेवली, पदर डोक्यावरून घेतला, पोरीला मांडीवर उताणी टाकली आणि तिच्या फुगलेल्या पोटावर आपला कान टेकवला.

आतून आवाज आला. गुडगुड. लांबलेली, वर चढत गेलेली, शेवटी प्रश्न विचारल्यासारखी.

"काय म्हणतोस?" जनाक्कानं विचारलं.

गुडगुड.

"कवापासनं?"

आतून बराच वेळ काही नाही. मग एक बारीक, ओलसर, ओठांवर जीभ फिरवल्यासारखा आवाज. दाराशी आमचे यजमान उभे होते. ते म्हणाले, "दुधातली साखर आतड्यात आंबते, जनाक्का. त्याचा वायू होतो. तो वायू आहे."

"व्हय मास्तर, त्योच," जनाक्का कान न उचलता म्हणाली. "तुमी त्याला वायू म्हणता. सुम्म बसा जरा, बोलू द्या त्याला."

मास्तर सुम्म बसले.

जनाक्कानं मान वर केली, काशीआत्तीकडे बघितलं आणि डोंगराच्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली, "काशी, वळणावरचा हाय. म्हणतोय, ह्या पोरीच्या वाट्याचं दूध माझं हाय. हिनं थेंब जरी गिळला तर मी आत येऊन मागणार. पोरगी ठेवायची असली तर दूध मला आणून दे."

काशीआत्तीचा चेहरा पांढराफटक पडला. "रोज?"

"रोज. तिन्हीसांजेला. तुझ्या हातानं."

दुसऱ्या दिवसापासून काशीआत्ती, जी डॉक्टरला जुमानत नव्हती, ती नारळाच्या करवंटीत पोरीच्या वाट्याचं दूध घेऊन, खाली मान घालून, वळणावर जायला लागली. करवंटी दगडापुढे ठेवून मागं न बघता परत. सकाळी रिकामी करवंटी आणायची.

मी जनाक्काला एकटीला विचारलं, "खरं सांग, नाटक होतं ना ते?"

ती हसली. दात नव्हते, तरी हसणं पूर्ण होतं. "डाक्तर म्हणला बंद कर. त्यो म्हणला मला दे. दोघांचं जमलं. तुझं काय अडलंय?"

त्या घराचा सगळा कारभार आता जनाक्काच्या हाती गेला. 'दूध' हा शब्द बंद. 'पांढरं' म्हणायचं, तेही कुजबुजत. चहा काळा. पोरीला वैशाली म्हणून हाक मारायची नाही, नाहीतर त्याला घर सापडेल, धोंडी म्हणायचं. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाटून फडक्यातून गाळायची, आणि ते सत्त्व शिजवून गार झालं की पहिलं बोट पोरीला जंगलाकडे पाठ करून चाटवायचं. "त्याला दिसता कामा नये ही काय खाती ते. त्यालाबी हवं झालं तर?" पोरीनं पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, दुसऱ्यांदा थुंकलं, तिसऱ्यांदा जनाक्काचं बोट चावलं. मग भाताची पेज, मुगाचं पाणी, पिकलेलं केळं. हळूहळू मांड्या भरल्या. तिन्हीसांजेला किंचाळणं थांबलं. त्या वेळेला आता घरात इतकी शांतता असायची की आम्ही सगळे उगीचच कानोसा घेत बसायचो.

मग, पोरगी आधीच सगळं खात असली तरी, रीतीचं उष्टावण आलं.

उष्टावणाला पोरीच्या तोंडात पहिला घास मामानं घालायचा, आणि तो खिरीचाच. खीर म्हणजे दूध. सुमनचा भाऊ खानापूरहून चांदीची वाटी घेऊन यायचा होता. त्याआधी घरात आठवडाभर धुसफूस. जनाक्कानं तोड काढली: नारळाच्या दुधात तांदळाची खीर. "माडाला वासरू नसतंय. त्याच्या पांढऱ्यावर कुणाचा वाटा न्हाई." काशीआत्ती हो म्हणाली. जरा जास्तच पटकन हो म्हणाली.

उष्टावणाच्या दिवशी पाट मांडले, रांगोळी काढली, पोरीला झबलं-टोपडं घालून मामाच्या मांडीवर बसवलं. जनाक्का उंबऱ्याबाहेर उभी. ती विधवा म्हणून अशा वेळी आत यायची नाही, कितीही म्हणा. मामानं चमचा भरला, उचलला.

"थांब," बाहेरून जनाक्का म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. ती आमच्याकडे बघत नव्हती. मान तिरकी करून परसातल्या फणसाकडे बघत होती.

"अजून तोंडात घातलं न्हाई... व्हय, दिसतंय मला... कुणी घातलं म्हणतोस?... न्हाई न्हाई, ती कशाला घालंल? आजी हाय ती..."

मामाचा चमचा हवेत. खिरीचा एक थेंब पोरीच्या टोपड्यावर पडला.

आणि काशीआत्ती धाडकन खाली बसली. "घातलंय गो! मीच घातलंय! हाटेलातनं पांढरं आणून घातलंय!" ती ऊर बडवायला लागली. "माझ्या दोन गेल्या जनाक्का. दोन लेकी. घरात थेंबभर दूध न्हवतं, पेजेवर ठेवल्या, आणि गेल्या. आता दूध हाय घरात आणि मी हिलाबी पेजेवर ठेवू? कसं ठेवू मी, सांग की!"

सुमन सासूकडे बघतच राहिली. त्या दोघींविषयी तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जनाक्कानं त्या दिवशी पहिल्यांदा उंबरा ओलांडला. आत आली, काशीआत्तीजवळ बसली, तिचे हात धरले. म्हणाली, "त्या हायत की गं. हितंच हायत. कवापासनं चुलीपाशी बसल्यात दोघी. ह्या पोरीला कशाला देतीस? त्यांची खीर त्यास्नी घाल. वाट बघून बघून दमल्या."

चुलीपाशी कुणी नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. तरीही काशीआत्तीनं दोन द्रोण घेतले, खीर वाढली, चुलीपाशी ठेवली आणि जमिनीला डोकं टेकून कितीतरी वेळ तशीच राहिली. मामानं मग धोंडीच्या तोंडात नाचणीचं सत्त्व घातलं. खानापूरला परत जाताना वळणापाशी त्यानं डोळे मिटून घेतले म्हणतात.

नंतर मी ती खीर नीट पाहिली. वर सुरकुतलेली साय धरली होती. नारळाच्या दुधाला अशी साय धरत नाही. जनाक्काला जन्मभर दूध विकून ते कळणारच, असं यजमान म्हणाले, आणि त्यांना फार बरं वाटलं. मग मी विचारलं की उंबऱ्याबाहेरून, मामाच्या पाठीआड ठेवलेल्या वाटीतली साय दिसते कशी? ते म्हणाले, "कोनामुळे." कुठला कोन, ते त्यांनी सांगितलं नाही.

काशीआत्तीनं त्यानंतर पुन्हा कधी चोरी केली नाही. पण माझ्या मनात किडा वळवळायला लागला. करवंटीतलं दूध पितं कोण? मुंगूस? रानमांजर? थंडीच्या दिवसांत, पाऊस नसताना, मी एका संध्याकाळी काशीआत्ती परत गेल्यावर वळणावर गेले आणि दगडाभोवती चुलीतली राख चाळून पसरली. चांगली रुंद, करवंटीला वळसा घालून. आमच्याकडे माणूस गेल्यावर तो कुठल्या रूपानं येऊन जातो हे बघायला अशीच राख पसरतात. सकाळी यजमानांना घेऊन गेले.

करवंटी कोरडी ठणठणीत. चाटून पुसल्यासारखी. राखेवर पाऊल नाही, नखाचा ओरखडा नाही, मुंगीची वाट नाही. जशी पसरली तशी.

"बाष्पीभवन," यजमान म्हणाले.

"एवढ्या थंडीत?"

"थोडं थोडं."

तेवढ्यात दगडाच्या बुडातून आवाज आला. गुडगुड. लांबलेली, वर चढत गेलेली, शेवटी प्रश्न विचारल्यासारखी. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. घरी येईपर्यंत यजमान माझ्या पुढे होते, आणि एरवी ते सावकाश चालणारे. जांभ्याला पोकळ्या असतात, त्यांतून पाणी वाहतं, असं त्यांनी दुपारी जेवताना सांगितलं. मी विचारलंच नव्हतं.

जनाक्काला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर रागावली नाही. फक्त म्हणाली, "पाहुण्याच्या ताटाभोवती राख घालतात काय गं?" आणि मला इतकी लाज वाटली की मी दुसऱ्या दिवशी जाऊन सगळी राख झाडून काढली.

वैशाली दीड वर्षाची झाली. आता ती धावायची, म्हशीच्या शेपटीला लोंबकळायची, दोन्ही हातांनी भात खायची. बेळगावच्या डॉक्टरांनी तिला पाहिलं आणि म्हणाले, सुरू करा हळूहळू. ताक दिलं, पचलं. दही दिलं, पचलं. राहिलं दूध. आणि इथं काशीआत्ती आडवी आली. जी चोरून दूध पाजत होती तीच आता दुधाच्या भांड्यावर हात धरून उभी. "न्हाई. ते त्याचं हाय. पोरीच्या पोटात पुन्हा आला म्हंजे?" सुमनलाही धीर होईना. आतडं सावरलं असेलही. पण नसलं तर? त्या किंकाळ्या दोघींनी ऐकल्या होत्या. वाळून काटकी झालेली पोर त्यांच्याच मांडीवर होती.

"मग त्याच्यासमोरच देऊ," जनाक्का म्हणाली.

त्याच आठवड्यात आमची बदली आली होती. सामान बांधून झालं होतं. त्यामुळे जनाक्काचं माझ्याजवळ उरलेलं शेवटचं चित्र ते त्या संध्याकाळचं, वळणावरचं. सुमन, कडेवर पोरगी. काशीआत्ती हात जोडून. मी. आणि हातात बॅटरी घेतलेले यजमान, जे केवळ आम्हा बायकांना सोबत म्हणून आले होते.

जनाक्का दगडापुढे उकिडवी बसली. काही मागितलं नाही, गाऱ्हाणं घातलं नाही. शेजारणीशी बोलावं तसं म्हणाली, "पोरगी मोठी झाली रे. आता तिचं तिला दे." मग तिनं वाटी वैशालीच्या तोंडाला लावली. पोरीनं वास घेतला, घोट घेतला, जरा विचार केला आणि गटागटा सगळं पिऊन टाकलं. ओठांवर पांढरी मिशी.

आम्ही थांबलो. झाडांमधला उजेड विझत गेला. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज जंगलानं गिळला. पोरगी खडे वेचत होती. सुमन तिच्यावरची नजर काढेना, काशीआत्ती ओठ हलवत राहिली. पोट फुगायची वेळ आली. वेळ टळली. यजमानांनी बॅटरी लावली, पोरीच्या पोटावर धरली. मऊ पोट.

जनाक्कानं पोरीला मांडीवर घेतलं आणि त्या पोटावर कान टेकवला. ऐकत राहिली. बराच वेळ. "अरे ए," ती एकदा हळूच म्हणाली. मग उठली, दगडापाशी गेली, त्याला दोन्ही हातांनी कवळलं आणि त्यालाही कान लावला.

तिनं चेहरा वळवला तेव्हा बॅटरीचा उजेड त्यावर पडला. सुमन रडत हसत होती, पोरीचे मुके घेत होती. जनाक्का हसत नव्हती. जन्मभराचा शेजारी न सांगता घर सोडून गेला की दाराचं कुलूप बघताना माणूस जसं दिसतं, तशी ती दिसत होती.

"पोरीत कोण न्हाई," ती म्हणाली. "आणि हितंबी कोण न्हाई."

रातकिडेसुद्धा थांबले होते. आणि त्या शांततेत, वायू, बाष्पीभवन आणि जांभ्याच्या पोकळ्या इयत्ता सातवीला शिकवणारे आमचे यजमान, बॅटरी चहूकडे फिरवत, मोठ्यांदा म्हणाले, "मग गेला कुठं तो?"